राजाला गादी नको आहे, पण वाचणाऱ्यांना वाटतं पायामुळे नको आहे

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. मला लिहायला वेळ मिळतो तो फक्त पावसाळ्यात, म्हणून आत्ता विचारून घेते. आंब्याचा सीझन संपला, पेट्यांचे हिशेब व्यापाऱ्यांना देऊन झाले आणि ट्रंकेतली वही पुन्हा बाहेर काढली. या कादंबरीचा हा तिसरा पावसाळा.

बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी लिहितेय. फँटसी म्हणा. समुद्रात एक बेट, बेटावर किल्ला, नाव शंखोळ. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला किनारा आणि बेट यांच्यामध्ये वाळूची वाट उघडी पडते. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिलेल्यांना मी हे कुठून उचललं ते लगेच कळेल. ओहोटीला तिथे घोडागाड्या जातात, मीही तशीच गेले होते. गोड्या पाण्याच्या तीन विहिरी मात्र सिंधुदुर्गातल्या, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आणि तिथे महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात ना, त्या ठशावरूनच सगळी गोष्ट सुचली.

शंखोळचा रिवाज असा. नवा राजा त्या वाळूच्या वाटेने अनवाणी चालत किल्ल्यात शिरतो. समुद्र त्याची पावलं मोजतो. एकदा पावलं ओळखीची झाली की तो राजा असेपर्यंत समुद्र तटाला धक्का लावत नाही. इतकीच जादू. ड्रॅगन वगैरे नाहीत, मला जमले नाहीत.

राजाचं नाव भिवा, वय १५. लहानपणी ताप आला त्यात डावा पाय गेला, काखेत कुबडी. बाप वारतो, गादी त्याच्याकडे येते आणि त्याला ती नको आहे.

का नको, हे माझ्या डोक्यात लख्ख आहे. लहानपणी त्याला कोणी खेळायला नेत नसे, म्हणून तो सदरेच्या कोपऱ्यात बसून असायचा. तो तिथे आहे हे मोठ्यांच्या ध्यानातही नसायचं, त्यामुळे त्याच्यासमोर सगळं बोललं जायचं. तो नऊ वर्षांचा असताना बापाने आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर मिठाने भरलेली तीन तारवं पाठवली. तारवांचा म्होरक्या, तांडेल, सांगत होता, आभाळ बरं दिसत नाही. बापाने शिक्का मारला. तारवं परत आली नाहीत. त्यावरच्या एकोणीस खलाशांची नावं भिवाला पाठ आहेत. तो शिक्का त्याला हातात धरायचा नाही, बस.

आता अडचण. पहिली आठ प्रकरणं मी तिघांना वाचायला दिली. एकीने लिहिलं, "पायामुळे आलेला न्यूनगंड छान दाखवलाय." मी न्यूनगंडाचं एक अक्षर लिहिलेलं नाही! दुसऱ्याने विचारलं, शेवटी पाय बरा होतो ना? तिसरे एक निवृत्त गुरुजी, माणूस फार भला. ते म्हणाले, "मुलांच्या पुस्तकात एवढं दुःख कशाला? राजाला दोन्ही पाय धड दिलेत तरी गोष्ट हीच राहील." या वाक्याने माझी दोन रात्री झोप गेली, कारण मला चटकन उत्तर देता आलं नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर माझाही डावाच पाय. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. आधी कॅलिपर, आता काठी. तेव्हा "एखाद्या अपंग व्यक्तीला भेटा" हा सल्ला कृपया नको, मी रोज भेटते. सीझनला पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात माझं टेबल असतं आणि बाप्ये माझ्यासमोर बिनधास्त भाव पाडतात, एकमेकांना फसवतात. कोपरा माझाच आहे. राज्य मात्र मला कोणी देऊ केलं नाही, त्यामुळे ते नाकारायचं कसं याचा अनुभव नाही.

तर पाय आणि नकार यांची ही गाठ वाचणाऱ्याच्या मनातून कशी सोडवू? आणि समुद्राचं जाणणारं कोणी इथे असेल तर होडी, ओली वाळू आणि कुबडी यांचंही सांगा. देवगड तालुक्यात जन्म काढला, पण ओल्या वाळूत मी एकटी कधी गेलेले नाही. कोणी ना कोणी हात धरून असतंच.

घाटावरचा_वाचक

मी सरळ मत देतो, राग मानू नका. पाय बरा करा. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, शेवट कडू असला की पुस्तक आपटते. समुद्राने पावलं मोजली, प्रसन्न झाला, पाय दिला. चमत्कार तुमच्या हाताशी आयता आहे, वापरत का नाही?

खाडीकाठची

राग नाही. पण समुद्राला पाय देता येत असेल तर त्याने एकोणीस खलाशी का नाही दिले, हे भिवाच विचारेल आणि माझ्याकडे उत्तर नसेल. शेवट कडू नाहीये हो. पाय तसाच आहे म्हणजे कडू, हे कोणी ठरवलं?

पोथीपुराण

ताई, तुमच्या तिन्ही वाचकांना दोष देऊ नका. तुम्ही न लिहिलेलं ते वाचत आहेत कारण आपण सगळे ते फार आधीपासून वाचत आलो आहोत.

महाभारताच्या उद्योगपर्वात देवापीची गोष्ट येते. प्रतीप राजाचा थोरला मुलगा, शंतनूचा मोठा भाऊ. गुणी, प्रजेचा लाडका, पण त्वचारोग झालेला. बाप अभिषेकाची तयारी करतो आणि ब्राह्मण नि वडीलधारे येऊन अडवतात. अंगात व्यंग असलेला राजा देवांना चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रतीप रडतो, देवापी वनात निघून जातो. आता ही गोष्ट सांगतो कोण? धृतराष्ट्र. सांगतो कोणाला? दुर्योधनाला. आणि पुढे म्हणतो, मीही थोरला, मलाही याच कारणाने बाजूला सारलं. आंधळ्या राजाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला हा नियम आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि बहिरे यांना वारशाचा वाटाच नाकारलेला आहे. तेव्हा "अधू म्हणून गादी नको" हे समीकरण तुमच्या वाचकांनी विकत आणलेलं नाही, घरातच होतं.

पण गंमत पुढे आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, हीच जोडी वेगळी भेटते. तिथे रोगाचा उल्लेखच नाही. धाकटा शंतनू स्वतःला अभिषेक करवून घेतो, देवापी तपाला लागतो, आणि राज्यात बारा वर्षं पाऊस पडत नाही. ब्राह्मण म्हणतात, थोरल्याला ओलांडलंस म्हणून हे झालं. शंतनू घाबरून राज्य परत द्यायला जातो. देवापी म्हणतो, राज्य नको, मी तुझा पुरोहित होतो आणि पावसासाठी यज्ञ करतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ते पावसाचं सूक्त आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या दोन गोष्टी. एकीत लोक त्याला नाकारतात, दुसरीत तो राज्य नाकारतो. तुमचा भिवा दुसऱ्या गोष्टीतला आहे आणि वाचक त्याला पहिल्या गोष्टीत नेऊन बसवत आहेत.

इतिहासात पाहाल तर नियम केव्हाच मोडलेला दिसतो. रणजितसिंगाचा डावा डोळा लहानपणी देवीत गेला, तरी १७९९ मध्ये लाहोर घेतलं, १८०१ मध्ये महाराजा झाला आणि १८३९ पर्यंत राज्य केलं. जेरुसलेमचा चौथा बाल्डविन कुष्ठरोगी होता. ११७४ मध्ये गादीवर आला तेव्हा १३ वर्षांचा, तुमच्या भिवाहूनही लहान. शेवटी डोळे गेले, हातपाय चालेनात, पण ११८५ मध्ये मरेपर्यंत राजा तोच. तैमूरचं तर नावच आपण तैमूरलंग करून टाकलं, लंग म्हणजे लंगडा. १९४१ मध्ये समरकंदला त्याची कबर उघडली तेव्हा सांगाड्यात उजवा पाय अधू असल्याचं दिसलंच.

आणखी एक. राजे चालत होते कुठे? पालखीत बसत होते. चार भोई उचलतात तो मान. तेच चार भोई भिवाला उचलतील तेव्हा लोक त्याला दया म्हणतील. यावर एक प्रकरण लिहा, फुकटात देतो.

खाडीकाठची

पोथीपुराण सर, देवापी मला ठाऊकच नव्हता! धृतराष्ट्रावाला भाग वाचून अंगावर काटा आला. पालखीचं प्रकरण घेतलं. आमच्याकडे देवाच्या पालखीला खांदा द्यायला भांडणं होतात, आणि मला बसमध्ये चढवायचं तर कंडक्टर आधी इकडेतिकडे बघतो.

अकरावी_सायन्स

हॅलो ताई, मी कुडाळची, सोळा वर्षांची, म्हणजे तुमच्या टार्गेटमधली. कॅलिपर म्हणजे आमच्या प्रॅक्टिकलला असतो तो व्हर्निअरवाला का? गुगल केलं तर पायाचा निघाला. सॉरी.

सगळे तुम्हाला सल्ले देतायत पण एकानेही पुस्तक वाचलेलं नाही. एक पान टाका ना इथे. गादी नको म्हणतो तेच.

खाडीकाठची

सॉरी कशाला? देश पोलिओमुक्त जाहीर झाला २०१४ च्या मार्चमध्ये, तेव्हा तू बालवाडीतही नसशील. तुझ्या वर्गात कॅलिपरवाली मुलगी नाही यापरती चांगली गोष्ट नाही.

घे, चौथ्या प्रकरणातलं:

*सदर भरली होती. अष्टमीचं उधाण तटावर आदळत होतं आणि प्रत्येक लाटेसरशी समयांच्या ज्योती हलत होत्या. कारभाऱ्यांनी तबकातला शिक्का पुढे केला. भिवाने गादीकडे पाहिलं. सात पायऱ्या. मधली तुटकी. त्याने कुबडीची मूठ घट्ट धरली, मान खाली घातली आणि म्हणाला, "मला नाही जमणार." सदरेवर कोणीच काही बोललं नाही. राजवाड्यातल्या जुन्या दासीने डोळ्यांना पदर लावला.*

अकरावी_सायन्स

ताई!! अहो तुम्हीच लिहिलंय की!

पायऱ्या मोजल्या, कुबडी घट्ट धरली, मान खाली, "मला नाही जमणार", वर एक बाई रडतेय. याला न्यूनगंड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? खलाशी कुठे आहेत यात? शिक्का एका वाक्यात येऊन गेला, बाकी सगळा पाय. मी पण तेच समजले असते. आणि ती दासी काढा, प्लीज. सगळ्या सीरियलमध्ये असते ती.

दुसरं म्हणजे भिवा फार शहाणा आहे. त्याला कोणाचा राग येत नाही का? मी कोपऱ्यात बसून सगळ्यांची लफडी ऐकली असती तर निदान एकाला तरी ब्लॅकमेल केलं असतं.

खाडीकाठची

वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. शंभर वेळा वाचलेलं पान, मला दिसलं नाही.

का दिसलं नाही ते सांगते. पायऱ्या मी रोज मोजते. नव्या घरी गेले, बँकेत गेले, लग्नाच्या हॉलवर गेले, आत शिरायच्या आधी मोजून झालेल्या असतात. कठडा कोणत्या बाजूला, मधली उंच आहे का, ओली आहे का. तुम्ही घड्याळ बघता तसं ते आहे, त्यात दुःखाचा भाग नाही. सात पायऱ्या म्हणजे माझ्या लेखी "सात पायऱ्या", "दहा वाजले" तसं. पण ज्याने कधी मोजल्या नाहीत त्याला ते वाचताना उसासा ऐकू येतो. मग आता काय करू, भिवाला मोजू देऊ की नको? मोजणार नाही असा माणूस मला खोटा वाटेल.

दासी काढली. तिला आधीच काढायला हवी होती, माझीच आजी शिरली होती तिच्यात.

रबरी_पाय_रत्नागिरी

मोजू दे की! पण सगळीकडे मोजू दे. पहिल्या पानापासून. स्वयंपाकघरात शिरताना, विहिरीवर, देवळात, आंबे चोरायला जाताना. चौथ्या प्रकरणापर्यंत वाचकाला त्याची सवय होऊन जाईल आणि मग गादीच्या सात पायऱ्या म्हणजे नुसत्या सात पायऱ्या राहतील.

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. अपघात, बावीस वर्षं झाली. जयपूर फूट वापरतो. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. सेठींनी मिळून बनवलेला रबराचा पाय. त्याला बूट लागत नाही, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं. देवळात शिरताना लोक चपला काढतात, मी एकच काढतो. पुजाऱ्याचं अजून लक्ष गेलेलं नाही.

तर मुद्दा. तुम्ही पाय आणि नकार वेगळे करायला निघालात, ते जमणार नाही आणि करूही नका. उलट भिवालाच ती गाठ मारू द्या. त्याला पायाची सबब सांगू द्या.

बघा ना. खरं कारण त्याला सांगता येत नाही. सदरेवर उभं राहून "माझ्या बापाने एकोणीस माणसं मारली" असं नुकत्याच वारलेल्या राजाबद्दल कसं बोलणार? मग सोपं काय? कुबडीकडे बघायचं, मान खाली घालायची, "मला नाही जमणार". लगेच सगळे गप्प. कोणी पुढे एक प्रश्न विचारत नाही. दासी रडते. (मी असतो तर ठेवली असती, फक्त भिवाला मनात हसू दिलं असतं.) तुमचं पान आहे तसंच चालेल, फक्त तो नाटक करतोय हे वाचकाला ठाऊक पाहिजे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पाय गेल्यापासून मी किती लग्नं, बारशी, मयतं आणि सोसायटीच्या मीटिंगा टाळल्यात त्याची गणती नाही. "पाय जरा दुखतोय" म्हटलं की समोरचा माफीच मागतो. माझ्या बायकोला माहीत आहे. तिने मला एकदा क्रिकेटच्या फायनलच्या दिवशी पकडलं. त्या दिवशी मेव्हण्याचा साखरपुडा होता.

सबब फुकट मात्र नसते. वापरत गेलं की लोक विचारायचंच बंद करतात. मला ट्रेकला यायचं होतं तेव्हाही कोणी विचारलं नाही.

अकरावी_सायन्स

हे भारी आहे. मग भिवाची सबब पकडणारं कोणीतरी पाहिजे. त्याच्याच वयाचं. त्या तांडेलाची मुलगी? जिचा बाप त्या तारवावर होता?

खाडीकाठची

रबरी पाय, तुम्हाला काय म्हणू, दादा म्हणते. दादा, मी हसले आणि मग चांगलीच गप्प झाले.

आमच्या गावच्या वाचनालयाने मला दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष व्हा म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, वर माडीवर मीटिंग असते, मला जिना जमत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. जिना अकरा पायऱ्यांचा आहे आणि पुस्तकं बदलायला मी तो दर शनिवारी चढते! खरं कारण असं की जुन्या हिशेबात काही पावत्या जुळत नव्हत्या, कोणाच्या हातून झालं ते मला कळलं होतं, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ते विचारायची माझी तयारी नव्हती. वर लिहिलंय ना मी, "राज्य मात्र मला कोणी देऊ केलं नाही"? देऊ केलं होतं की. छोटं होतं, पत्र्याच्या कपाटाएवढं.

गुरुजींनाही आता उत्तर देता येईल. दोन धड पायांच्या राजाला ही सबब मिळाली नसती, त्याला खरं बोलावं लागलं असतं. गोष्ट पहिल्याच दिवशी संपली असती.

तांडेलाची मुलगी घेतली. नाव तू ठेव.

अकरावी_सायन्स

चंद्रा. आणि ती भिवाच्या प्रेमात पडणार नाही, प्रॉमिस करा.

रापणकार

ताई, मी काय लिवणारो माणूस नाय. हयसर रेसिपी बघूक इल्लंय. पण होडयेचा विचारलात म्हणान सांगतंय.

पयली गोष्ट. होडयेत कोणाचो पाय बघूक कोण बसना नाय. थंय सगळे बसलेलेच. उभो रवलो तो पडलो. वल्हा मारूक खांदो होयो, कमर होयी. सुकाणू धरूक डोळे होये. आमच्या वाडयेत एक आजो होतो, जमनीर काठी घेवन चलायचो, पण होडयेत बसलो काय त्याच्यासारखो तांडेल नाय. तुमचो राजा जमनीर लंगडो, दर्यात नाय. ह्या तुमच्या पुस्तकात खय इला नाय असा वाटता.

उतरताना मात्र कठीण. होडी किनाऱ्याक लागली काय लाट बघून टक्कन उडी मारूची लागता. कुबडी घेवन ता जमाचा नाय. पण पूर्वी जेटी नाय होती तेव्हा सगळ्यांकाच खांद्यार घेवन उतरायचे, म्हातारी, पोरां, सायब सुद्धा. माझो आजो सांगायचो. तेवा राजाक उचललो तर त्येका लाज वाटूचा कारण नाय.

वाळवेचा तुमका उलटा वाटता. सुकी रेंव रुतता. ओली रेंव, पाण्याच्या कडेची, घट्ट असता, तिच्यार लोक मोटारसायकली घालतत. कुबडी थंय बरी चलतली. भिती आसा ती खडपाची, म्हंजे दर्यातल्या खडकाची. शेवाळ असता आणि कालवां असतत, ब्लेडीसारखी. अनवाणी म्हणतास तर वाटेत खडप घाला, मगे बघा राजा काय करता तो. कुबडयेच्या खाली लाकडाची चपटी चकती बांधूक सांगा त्येका.

आता रागाव नको. तुमी लिवलास "अष्टमीचं उधाण". अष्टमीक उधाण नसता, भांग असता. पाणी धड चढणा नाय, धड उतरणा नाय. उधाण अमाशेक नि पुनवेक. तिथयेची पाऊणपट केलास काय भरतीचो टायम गावता. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे अमाशेक भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमाराक, नि थंयसून सवा सा तासांनी ओहोटी, सांजची. तशीच सकाळची, उजाडताना. तुमी राजाक वाळवेच्या वाटेन कधी न्हेतास?

खाडीकाठची

दुपारी बाराला. मुहूर्त बाराचा ठेवलाय.

रापणकार

मगे राजा पोवत जातलो.

पोथीपुराण

हाहाहा. ताई, मुहूर्त बदला. पहाटेचा अधिक शास्त्रोक्त.

खाडीकाठची

बदलला. अमावास्या, उजाडताना. चौथ्या प्रकरणातली अष्टमीही गेली. काका, तुमचे आभार कसे मानू! घरासमोर खाडी आहे आणि मी अष्टमीला उधाण आणलं, हे गावात कोणाला सांगू नका.

दोन दिवस बसून चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. थोडंसं टाकते:

*सात पायऱ्या, मधली तुटकी. स्वयंपाकघराला चार, विहिरीला एकवीस, देवळाला नऊ. भिवाने शिक्क्याकडे पाहिलं. पितळी मूठ, खाली लाल लाख अजून चिकटलेली. राणबा, विठू, धाकटा विठू. त्याने डोळे शिक्क्यावरून काढले आणि कुबडीवर आणून ठेवले. सगळ्यांचे डोळे त्याच्या मागोमाग तिथे गेले. किती सोपं होतं. "मला नाही जमणार," तो म्हणाला. सदर हळहळली. फक्त खांबाशी उभी असलेली चंद्रा त्याच्याकडे टक लावून बघत होती. काल वाड्यामागच्या कलमावर त्याला चढताना तिने पाहिलं होतं.*

रबरी_पाय_रत्नागिरी

"किती सोपं होतं" काढा. त्याशिवाय कळतंय.

अकरावी_सायन्स

राहू दे!! मला आवडलं.

खाडीकाठची

अजून ठरवलं नाही, दोन्ही पानं ठेवलीत.

काका, एक शेवटचं. समुद्र पावलं मोजतो. भिवाचं एकच पाऊल नीट उमटणार, दुसरं फरफटल्याची रेघ आणि बाजूला कुबडीचं भोक. सदरेवरचे शास्त्री म्हणणार, ही पावलं नव्हेत, समुद्र ओळखायचा नाही. तुम्ही इतकी वर्षं वाळू बघताय. पाणी आलं की आधी काय पुसतं?

रापणकार

पाऊल आधी पुसता. भोक खोल, त्येच्यात पाणी भरता नि घटकाभर रवता.

नि त्या शास्त्र्यांक सांगा, दर्याक भोकां नवी नाय. कुर्ल्ये रोज करतत.

खाडीकाठची

काका, हे वाक्य पुस्तकात जाणार. आभाराच्या पानावर नाव घालू का तुमचं?

रापणकार

नाव नको. पुस्तक झाला काय एक धाडा, नातीक वाचूक देतलंय. आता जाळी शिवूची आसत, नारळी पुनव जवळ इली.